सोमवारी आलेली इस्पिकं

…तर तू काही मनाला लावून घेऊ नकोस, आमच्या यांनी तुझ्या नमस्काराला मान हलवली नाही म्हणून – सध्या कुणालाच हलवत नाहीत, परवा सख्खी बहीण येऊन गेली, तिलाही नाही – आणि तू आधी बस बघू, तो स्टूल ओढ इकडे, ओट्याला टेकू नकोस, ओला आहे. जयसिंगराव बसलेत त्यांच्याजवळ. पत्ते मोजतायत. मिलिटरी अकाउंट्समध्ये हयात गेली त्यांची, स्वतः मोजल्याशिवाय बावन्न आहेत यावर त्यांचा विश्वास बसत नाही, आणि मोजून झाले की पुन्हा पिसतात, तोवर आपले दडपे पोहे होतात. ऋचाच ना तुझं नाव? मी हेमाकाकू. सुदर्शन जाताना म्हणाला, काकू, माझ्या जागी माझ्या ऑफिसातली मुलगी देतो, कॉम्प्युटरवर रोज ब्रिज खेळते. मी म्हटलं कॉम्प्युटरवर, म्हणजे भिडू कोण? तर म्हणे भिडू तुर्कस्तानातला. तोंड न पाहिलेल्या माणसाचा भिडू व्हायचं – बरं, आमचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही तरी किती पाहिलं होतं एकमेकांचं तोंड. हसलीस ना? हस. बाहेर गेल्यावरही हस, आजाऱ्याच्या घरी आल्यासारखी बसू नकोस. आणि त्यांच्याशी हळू, मोठ्यानं, एकेक शब्द सोडून बोलू नकोस. कान उत्तम आहेत. लोकांचं काय होतं, वाचा गेली की माणूस बहिरा झाला असं धरतात, आणि पुढच्या भेटीला वेडा धरतात.

वर्ष होईल आता. दाढी करता करता बसले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू आणि वाचा. पाय आला, हात अर्धा आला, वाचा नाही. एक मुलगी यायची बोलायला शिकवायला – गुणाची होती हो, पण ती चित्रं दाखवायची. कप, चावी, फूल. आणि हे ड्रॉइंग खात्यातले, जन्मभर यंत्रांची चित्रं काढलेली – कंपनीत कॉम्प्युटर आले आणि सगळ्या बोर्डवाल्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली, तेव्हा घरी बसले – त्यांच्यापुढं ती कपाचं चित्र धरून विचारतेय, काका, हे काय आहे? त्यांनी ते चित्र घेतलं आणि पालथं घालून ठेवलं. ती म्हणाली, ओळखत नाहीयेत. मला वाटतं त्यांना कपाचा कान चुकीचा काढलेला दिसला असावा. मग डॉक्टर म्हणाले, पाठ असलेलं काही म्हणून बघा, आकडे, श्लोक, असं कधीकधी आपोआप बाहेर येतं. मी रोज दिवेलागणीला उशाशी बसून रामरक्षा म्हणायला लागले. ओठसुद्धा हलला नाही. खरं सांगू का, त्यांना ती आधीपासूनच येत नव्हती. देवाधर्माचं खातं माझं, असं ठरलेलंच होतं आमच्यात. माझी व्रतं त्यांना कधी कळली नाहीत, घरात साबुदाण्याची खिचडी झाली की आज काहीतरी आहे एवढं कळायचं, आणि दाण्याचं कूट कमी आहे म्हणायचे.

आणि मग एका दुपारी जयसिंगराव पत्ते घेऊन आले. क्लबातले भिडू हे दोघं, वीस-बावीस वर्षांपासूनचे. म्हणाले, वहिनी, नुसता हातात देतो, ओळख तरी ठेवतो का बघू. तो पाट बघितलास ना बाहेर, खाच पाडलेला? तो नंतर केला, कसब्यातल्या सुताराकडून करून आणला, तेरा पानं उभी राहतात त्याच्यात. त्या दिवशी नुसती चादरीच्या घडीत खोचून उभी केली होती पानं. यांनी डाव्या हातानं हळूहळू लावून घेतली – इस्पिकं इकडे, बदाम तिकडे – मी दारात उभी होते, दूध हातात – आणि म्हणाले, वन हार्ट. असं स्वच्छ. जसं काही मधे काही झालंच नव्हतं. जयसिंगराव पलटणीतला माणूस, पण उठून गॅलरीत गेले. मी देवाला म्हटलं, तुझं नाव नाही घेतलं, चालेल, तू बदामाच्या रूपानं आलास असं धरते.

नाही, तेवढंच. बोलीचे शब्द तेवढे यायचे. वन क्लब, टू डायमंड्स, डबल, पास. चहा हवा का – नाही. बंगलोरहून आमोदचा फोन आला, रिसीव्हर कानाला लावला, तो बाबा बाबा करतोय – नाही. पानं समोर उभी केली, पाळी आली, की येतो शब्द. डॉक्टरांनाही नवल वाटलं. म्हणाले, खेळत राहा, यातूनच एखादा शब्द बाहेर सटकेल कधीतरी, एकदा सटकला की मागं दुसरा येतो. म्हणून मी शिकले. मला पाच-तीन-दोनपलीकडे काही येत नव्हतं, आणि हे एके काळी म्हणायचे, तुला ब्रिज शिकवण्यापेक्षा मी मांजराला शिकवीन. शिकवलं सुदर्शननं. वरच्या मजल्यावर राहायचा, यवतमाळकडचा, होस्टेलात शिकलेला ब्रिज. अमेरिकेच्या वेळेची नोकरी, संध्याकाळी गाडी यायची न्यायला, तोवर दुपारचा मोकळा. काय ते समजावणं त्याचं! एक्क्याला चार, राजाला तीन – मला ते गुण मोजून मोजून घाम फुटायचा.

पण एक गोष्ट मला शिकवावी लागली नाही, ती आपोआप आवडली – ओव्हरकॉल. तुला माहीतच आहे, पण मला काय वाटतं ते सांगते. समोरच्यांनी बोली सुरू केली, खेळ त्यांचा, गुण त्यांच्याकडे – आणि मधेच आपण तोंड घालायचं. आता मी चार जावांत वाढलेली सून, मोठी माणसं बोलत असली की मधे बोलायचं नाही हे माझ्या अंगातच मुरलेलं. मी सुदर्शनला विचारलं, अरे पण त्यांचं चाललंय ना, मग आपण कशाला? तो म्हणाला, काकू, तुमच्याजवळ एकच लांब रंग आहे ना, पाच पानं, सहा पानं, मग गुण थोडे असले तरी बोलून टाकायचं. आपल्याजवळ काय आहे ते भिडूला कसं कळणार? आणि हे बघ, त्यात माझा एक स्वार्थ होता. मी पास म्हटलं की बोली तिकडच्या तिकडे मिटायची, हेही पास, संपलं. पण मी मधेच वन स्पेड म्हटलं, की यांना विचार करावा लागायचा. भिडू बोललाय. मग ते पाटाकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे – आणि टू स्पेड्स. एकदा तर थ्री स्पेड्स म्हणाले, आणि असं मांडीवर डाव्या हातानं थापटलं. तर मी काय करायची, पाच पानं असोत नसोत, गुलामावर, दश्शीवर ओव्हरकॉल. बुडायचो ना. रोज बुडायचो. जयसिंगराव म्हणायचे, वहिनी, तुमच्या धाडसाला पलटणीत पदक मिळालं असतं, मरणोत्तर. आणि हे कपाळाला हात लावायचे. मला त्या कपाळाला लावलेल्या हाताचंही कौतुक.

पण शब्द काही सटकेना. बोलीचे तेवढेच. मग माझ्या मनानं घेतलं की आपल्याकडूनच काहीतरी कमी पडतंय. माझी आई म्हणायची, देवाकडे जे मागायचं, तेच आपण थोडं सोडायचं. भावाच्या परीक्षेला तिनं स्वतः लिहिणं-वाचणं बंद ठेवलं होतं, पोथीसुद्धा नाही. मी वाचा मागत होते. म्हणून सोळा सोमवार धरले, मौनाचे. आंघोळ करून देवापुढं बसलं की जे तोंड मिटायचं, ते दिवेलागणीला उघडायचं. मान हलवायची सूट संकल्पातच मागून घेतली होती, घर चालवायचं असतं, वॉचमन येतो, कामवाली येते. पण हातवारे करून संभाषण, पाटीवर लिहून दाखवणं – ते नाही. ते मौन नव्हे, ती देवाशी लबाडी. आणि खेळायचा दिवस गुरुवार होता, त्यामुळे त्याची काही आडकाठी नव्हती. पाच दिवस मी बोलते, गुरुवारी हे बोलतात, सोमवारी कोणीच नाही – असं आमचं घर.

हे घे, चव बघ, मीठ बरोबर आहे का. मी आज तोंडात घातलेलं नाही काही. बरोबर? खोबरं घालते अजून.

तर अर्धे सोमवार झाले होते. आणि एका सोमवारी दुपारी जयसिंगराव सुदर्शनला घेऊन दारात. वहिनी, याचा व्हिसा आला, बुधवारी चालला, गुरुवारी हा नाही – आज शेवटचं खेळून घेऊ. मी काय बोलणार? मी ओठावर बोट ठेवलं, देव्हाऱ्याकडे दाखवलं. त्यांच्या लगेच लक्षात आलं. तिथंच दारात दबक्या आवाजात म्हणाले, मौन का? मग सोपं आहे, तुम्ही टेबलावर टकटक करा, आम्ही पास धरू, एरवीही तुम्ही पास म्हणाल तर आपल्या सगळ्यांचं भलंच आहे. नाही म्हणायला मान हलवता आली असती. पण तो मुलगा चालला होता, आणि हे आतून पानांचा आवाज ऐकून सरसावून बसले होते. मी मान हलवली, पण हो म्हणून हलवली.

आणि सुरुवातीला सगळं ठीक चाललं बघ. पानंच येईनात मला. चवव्या, पंज्या, नुसता पाचोळा. टकटक, टकटक. हे दोनदा बोलले, मला बरं वाटलं, चला, माझ्यावाचून अडत नाही. आणि मग जयसिंगरावांनी वाटलेला डाव – मी उचलून लावला आणि पुन्हा एकदा लावून बघितला. इस्पिकचा एक्का, राणी, गुलाम, दश्शी, आणि खाली दोन बारकी. बाजूला किलवरचा राजा. सहा पानांचा रंग, गं. इतके महिने मी दश्शीवर उड्या मारत होते, आणि खरी पानं आली ती त्या दिवशी. जयसिंगराव म्हणाले, वन हार्ट. पाळी माझी. शाळेतल्या मुलीलाही कळेल काय म्हणायचं ते. मी बोट उचललं टकटक करायला आणि ते टेबलावर टेकेना. टेकवावं तर पास. बोलावं तर संकल्प मोडतो – आणि संकल्प कशाचा, तर यांच्या वाचेचा. मी नुसती बघत राहिले. सुदर्शन बघतोय, जयसिंगराव पानांत तोंड घालून बसलेत, त्यांना कळलं होतं काहीतरी. आणि हे माझ्याकडे बघतायत. आता तुला मी सांगायला नको, टेबलावर भिडूला खुणावणं म्हणजे काय ते. या माणसानं जन्मात कधी भुवई हलवली नाही भिडूपुढं. क्लबात एकानं नुसतं खाकरून दाखवलं, तर हे डाव टाकून उठले होते. आणि त्या दिवशी – माझ्याकडे बघत – म्हणाले, अगं.

अगं. एवढंच. बोलीतला शब्द नव्हे. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मला हीच हाक, हेमा म्हणून कधी नाही – अगं, चष्मा कुठाय, अगं, कोण आलंय बघ. तीच. तशीच. जरा घाबरल्यासारखी वाटली, पण तीच.

आणि मी टकटक केली.

काय करणार होते मी, तू सांग. डोक्यात एवढंच आलं, व्रत फळाला आलंय, बाई, आता तोंड उघडलंस तर आलेलं परत जाईल. दिवेलागणीपर्यंत कळ काढ. देव इतका वेळ थांबला, तू तीन तास थांब. मी बोटानं टकटक केली, सुदर्शन म्हणाला टू हार्ट्स, आणि यांची पाळी आली. यांनी पाटावरची सगळी पानं एका हातानं गोळा केली, पालथी घातली, आणि खिडकीकडे तोंड केलं. दिवा लावला आणि मी धावत त्यांच्याजवळ आले, पायाशी बसले, आणि म्हटलं, ओ. काय म्हणत होता? ओ. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तेव्हापासून बोलीचे शब्दही गेले. दोनदा जयसिंगराव येऊन बसले, पानं लावून दिली, पाळी आली, पानांकडे बघतात, गप्प. कसब्यात आमचे गुरुजी आहेत, त्यांना जाऊन विचारलं, उरलेले सोमवार करू की उद्यापन करू? ते म्हणाले, फळ मिळालं असेल तर उद्यापन करा, मिळालं नसेल तर सोमवार करा, आणि मिळालं की नाही तेच कळत नसेल, तर ते पंचांगात नाही. खोचक आहेत जरा, पण खोटं नाही बोलत. मी घरी आले. अलीकडे मला एक सवय लागलीय – हसू नकोस – कणीक मळता मळता, कपडे वाळत घालता घालता मी मधेच ओ म्हणते. त्यांनी हाक मारलेली नसते. पण समजा मारली आणि नळाच्या आवाजात मला ऐकूच आली नाही, तर? म्हणून आपली देऊन ठेवते.

अं? हो गं, आज सोमवारच. तुझी सुट्टी सोमवारची, त्याला तू काय करणार, तू काही चुकीच्या दिवशी आली नाहीस. मी सोडलं ते. आज पहाटे देवापुढं बसले आणि म्हटलं, तुझे राहिलेले सोमवार माझ्याकडे राहिले, काय द्यायची ती शिक्षा मला दे, त्यांना नको. उपास धरलाय, तोंड धरलेलं नाही. सकाळपासून बोलतेय. दूधवाल्याशी बोलले, वॉचमनशी बोलले, तुझ्याशी तर बघतेच आहेस – तू म्हणत असशील ही बाई श्वास घेते की नाही. आणि आज मी ठरवलंय, पानं कशीही येऊ देत. चार पानांचा रंग असू दे, वरचं पान नव्वी असू दे. तू बोली सुरू केलीस की मी मधे बोलणार. जयसिंगराव डबल करतील, करू देत. आपटू देत आम्हाला. हे चिडले तर फारच छान, माणसाला चिडायला तरी तोंड उघडावं लागतं. आज नाही काही झालं तर जयसिंगराव म्हणतात, वहिनी, आता आपण त्याला छळतोय, थांबवू. भले गृहस्थ आहेत, माझ्यासाठी म्हणूनच म्हणतात. पण मला वाटतं होईल. लिंबू आहे का बघ तिथं टोपलीत, नाही, त्याच्या मागं. मला वाटतं, होईल.

काय म्हणालीस? कुणाला?

काकांना? नाही… त्यांना नव्हतं सांगितलं. ज्याच्यासाठी व्रत करायचं त्याला सांगू नये, असं आमच्याकडे – आणि त्यांना माझी व्रतं कधी – जयसिंगरावांना कळलं ते दारात, हे तेव्हा आतल्या खोलीत. नाही. त्यांना कुणीच नाही सांगितलं.

म्हणजे त्यांना काय दिसत असेल, सोमवारी सकाळी? मी उठून बसते. चहा आणते. ते बघतात. मी चांगली चालतेय, कामं करतेय, आणि तोंडातून शब्द नाही. सबंध दिवस. मान तेवढी हलते. टेबलाशी बसले, पाळी आली, बोट उचललं आणि ते असं वरच राहिलं, माझे डोळे… त्यांचंही तसंच झालं होतं. दाढी करताना. ब्रश हातात वर, आणि नुसते बघत होते आरशात माझ्याकडे. मी तेव्हा काय म्हणाले होते? मी म्हटलं होतं, अहो. अहो, काय झालं, बोला की.

खिडकीकडे तोंड करून बसले ते मी समजले रागावलेत.

नाही, काही नाही झालं. कांदा आहे. गॅस बंद कर तो, फोडणी करपली बहुतेक. जयसिंगराव पिसायचे थांबलेत, वाटायला घेतील आता, तू जा. ही बशी त्यांच्यापुढं ठेव, डाव्या बाजूला, चमचा डाव्या बाजूला. आणि खेळताना त्यांची पाळी आली आणि ते गप्प राहिले, तर जयसिंगराव त्याचा पास धरतात आणि पुढं जातात. तूही पुढं जा. माझ्याकडे बघत थांबू नकोस. जा ना, ऋचा. मी हात धुऊन येते. दार लोटून घे.